मिनिटांच्या हिशेबात न धरलेले मनगट

शर्ट शिवून झाला की तो थेट इस्त्रीकडे जात नाही. आधी त्याचे दोरे काढावे लागतात. प्रत्येक शिवण जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे धाग्याचे टोक लोंबत राहते. कॉलर, कफ, खिसा, काजपट्टी, बाही, बगल, खालची दुमड असे करत एका शर्टावर अशी दोन डझन टोके सहज निघतात. फिनिशिंगच्या टेबलाशी उभी असलेली बाई उजव्या मुठीत बोटभर लांबीचा स्प्रिंगचा कटर धरते, डाव्या हाताने शर्ट फिरवत राहते आणि टोक दिसले की अंगठा दाबते. कटरची पाती स्प्रिंगमुळे आपोआप उघडतात; मिटवायची मात्र अंगठ्यानेच. तासाला 30 शर्ट पुढे जात असतील आणि प्रत्येकावर 25 टोके धरली, तर अंगठा तासाला 750 वेळा आणि आठ तासांत 6,000 वेळा दाबला जातो. एका दाबाला लागणारे बळ इतके थोडे असते की ते कोणाला जाणवणारही नाही. पण काही महिन्यांनी अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, आणि मग एखाद्या सकाळी वाकवलेला अंगठा तसाच अडकून बसतो. दुसऱ्या हाताने सरळ करावा लागतो आणि सरळ होताना टक् असा आवाज येतो.

या अंकासाठी संपादकांनी ‘हात’ हा विषय सुचवला. हातांविषयी लिहायचे म्हटले की विणकर, कुंभार, चित्रकार यांचे कसबी हात डोळ्यांसमोर येतात. तयार कपड्यांच्या कारखान्यातला हातही कसबीच आहे, पण त्याच्या वाट्याला एका कपड्यातला फक्त एक तुकडा येतो, आणि तोच तुकडा दिवसभर येत राहतो. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून मनगट, अंगठा, कोपर, खांदा आणि मान यांना होणारी इजा ही या धंद्यातली सगळ्यात रोजची आणि सगळ्यात कमी नोंदली जाणारी इजा आहे. ती बसण्याच्या वाईट सवयीतून येते, बायकांच्या नाजूक प्रकृतीतून येते, वयामुळे येते, असे सर्रास सांगितले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. ही इजा कामाच्या वेळेचा हिशेब ज्या पद्धतीने मांडला जातो तिच्यातून तयार होते. त्या हिशेबात कापड धरलेले असते, धागा धरलेला असतो, मशीन बिघडण्याचा वेळसुद्धा धरलेला असतो. थकलेल्या शिरा-स्नायूंना पूर्ववत व्हायला लागणारा वेळ तेवढा त्यात नसतो.

ओळीतली जागा

बंगळुरूत पीण्या, म्हैसूर रोड, बोम्मनहळ्ळी, होसूर रोड या पट्ट्यांत तयार कपड्यांचे कारखाने दाटीने उभे आहेत. लाखो माणसे तिथे काम करतात आणि त्यांत बायका बहुसंख्य आहेत. मंड्या, रामनगर, तुमकूरकडच्या खेड्यांतून आलेल्या बायका तर आहेतच, शिवाय आता ओडिशा, झारखंडहून आलेल्या मुलीही मोठ्या संख्येने आहेत. शिलाईच्या मजल्यावर मशिनींच्या ओळी असतात, एकेका ओळीत 40-50 मशिनी. शर्ट कोणीच पूर्ण शिवत नाही. एक बाई कॉलरच्या दोन पट्ट्या जोडते, दुसरी ती कॉलर पलटवून टोक काढते, तिसरी वरची शिलाई घालते, चौथी तिला बँड लावते. पलीकडे कफ, त्यापलीकडे खिसा, मग बाही, बगल, दुमड, काज, बटण. कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा ओळीच्या तोंडाशी येतो आणि हातोहात सरकत शेवटी शर्ट होऊन बाहेर पडतो. ओळीच्या टोकाला पांढरा फळा असतो. त्यावर तासातासाचे टार्गेट आणि तासातासाचे प्रॉडक्शन लिहिलेले असते. बोलणे कन्नडमध्ये होवो, हिंदीत होवो की तेलुगूत, हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी तसेच असतात.

मशीनवर बसलेल्या बाईचे काम हातांपुरते आहे असे लांबून वाटते. जवळून पाहिले तर सगळे शरीर त्यात जुंपलेले दिसते. उजवा पाय पॅडलवर, पुढे दाबला की मशीन पळते आणि टाच मागे रेटली की नव्या मशिनींवर धागा कापला जातो. टेबलाखाली उजव्या गुडघ्याशी एक छोटी गादी असते; गुडघा बाजूला रेटला की मशीनचा फूट उचलला जातो आणि कापड सरकवता येते. डावा हात गठ्ठ्यातून तुकडा उचलतो, उजवा त्याच्या कडा जुळवतो, दोन्ही हात कापड सुईखालून चालवतात आणि शेवटी डावा हात शिवलेला भाग बाजूला टाकतो. मान खाली, डोळे सुईवर, दोन्ही बाहू टेबलाच्या उंचीवर अधांतरी. हे सगळे अर्ध्या मिनिटात संपते आणि लगेच पुढचा तुकडा. जीन्सची जाड शिवण असेल तर कापड ओढायला बळ जास्त लागते. झिरझिरीत कापड असेल तर बळ कमी, पण चिमूट घट्ट धरावी लागते आणि डोळे ताणावे लागतात. इस्त्रीवाल्यांचे आणि कटिंगवाल्यांचे दुखणे खांद्यात आणि कमरेत असते, चेकिंगवाल्यांचे पायांत आणि मानेत.

मिनिटाचा भाव

एखाद्या शर्टाची ऑर्डर येण्याआधीच त्या शर्टातली मिनिटे मोजली जातात. या मापाला कारखान्यात ‘सॅम’ म्हणतात, म्हणजे एका कामासाठी मंजूर केलेली प्रमाणित मिनिटे. ती काढायचे काम इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग विभागाचे, म्हणजे ‘आयई’वाल्यांचे. काही ठिकाणी अजून घड्याळ हातात धरून मोजतात, पण मोठ्या कारखान्यांत हालचालींचे तयार तक्ते असतात. हात पुढे नेणे, पकडणे, वळवणे, सोडणे अशा मूलभूत हालचालींना आधीच ठरलेला वेळ असतो आणि त्यांची बेरीज केली की कामाचा वेळ निघतो. ही पद्धत 1948 मध्ये अमेरिकेत मेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिचे एकक तासाचा एक लाखावा भाग, म्हणजे 0.036 सेकंद. इतक्या बारीक मापाने मनगटाची एकेक हालचाल मोजण्याची क्षमता या विद्येपाशी पाऊणशे वर्षे आहे. पण हालचालीला किती वेळ लागतो हे ती मोजते. त्या हालचाली दिवसात किती वेळा झाल्या आणि तेवढ्या करणे शरीराला झेपेल का, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नाही.

अर्ध्या मिनिटाचे काम असेल तर पूर्ण कार्यक्षमतेने तासाला 120 आणि आठ तासांत 960 नग होतात. एका नगात उचलणे, जुळवणे, चालवणे, वळवणे, टाकणे अशा हाताच्या आठ हालचाली धरल्या, तर दिवसाला साडेसात हजारांच्या वर. कारखाने शंभर टक्क्यांवर चालत नाहीत हे खरे, पण फळ्यावरचे टार्गेट सतत त्या दिशेने ढकलले जाते. नवा नमुना ओळीवर येतो तेव्हा पहिले काही दिवस टार्गेट कमी असते, हात बसला की ते वाढते. म्हणजे कौशल्य आल्यावर बाईला मोकळीक मिळत नाही, नगांची संख्या वाढते. आणि ओळीत एका जागी काम तुंबले तर मागे गठ्ठे साचतात, पुढच्या मशिनी रिकाम्या राहतात, सुपरवायझर तिथेच येऊन उभा राहतो. पाणी कमी प्यायचे आणि लघवीला जाणे लांबवायचे ही या मजल्यावरची जुनी रीत आहे, ती याच भीतीतून आलेली.

यावर आयई विभागाचे उत्तर ठरलेले असते: थकव्याची सूट हिशेबात धरलेलीच आहे. ते खोटे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कार्य-अभ्यासावरच्या पाठ्यपुस्तकात मूलभूत थकव्यासाठी 4 टक्के सूट सुचवलेली आहे आणि जगभरचे इंजिनिअर ती शिकून येतात. आठ तासांत ही सूट सुमारे 19 मिनिटे होते. ही 19 मिनिटे सलग किंवा दोन-तीन तुकड्यांत, मशीन बंद करून मिळाली तर तिचा उपयोग होईल. पण ती मिळते प्रत्येक नगात विरघळवून: 30 सेकंदांच्या कामात 1.2 सेकंद. सव्वा सेकंदात हात खाली ठेवता येत नाही, खांदा सैल सोडता येत नाही. जिची गती थोडी कमी आहे तिच्या बाबतीत तर तो सव्वा सेकंद नग पुरे करण्यातच जातो. कागदावर दिलेली विश्रांती शरीरापर्यंत पोहोचलेलीच नसते.

नऊ दोऱ्या, एक नस

स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा. बोटे वाकवणारे स्नायू कोपर आणि मनगटाच्या दरम्यान असतात; त्यांच्या नऊ कंडरा मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून तळहातात येतात. बोगद्याची तळभिंत हाडांची, छत एका जाड पट्टीचे, म्हणजे तो फुगू शकत नाही. त्याच बोगद्यातून अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना देणारी नस जाते. कंडरा आपापल्या आवरणात हजारो वेळा पुढे-मागे घासल्या की आवरण सुजते, आणि सूज जायला जागा नसल्यामुळे दाब पडतो तो नसेवर. मनगट वाकलेले असेल तर हा दाब आणखी वाढतो. मग रात्री हाताला मुंग्या येतात, झोप मोडते, हात झटकला की थोडे बरे वाटते. पुढे बोटे बधिर होतात, कपबशी हातातून निसटते, सुईत धागा ओवता येत नाही. अंगठ्याच्या बाजूने मनगटाला होणाऱ्या अशाच दाहाचे वर्णन स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ दे केर्वे यांनी 1895 मध्ये केले आणि तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मान आणि खांद्याचे दुखणे वेगळ्या वाटेने येते. तिथे हालचाल फार होत नाही, उलट ती होत नाही हीच अडचण आहे. बाहू अधांतरी धरून ठेवायला खांद्यावरचे स्नायू थोडेसे पण अखंड ताणलेले राहतात. ज्या बारीक तंतूंवर हा भार सर्वांत आधी पडतो, त्यांची सुटका सर्वांत शेवटी होते. भार हलका असला तरी त्यांना मधे क्षणभरही सैल होता येत नाही. त्यामुळे ‘काम तर हलकेच आहे’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. मजुराने पोते उचलले की तो ते खाली ठेवतो. इथे खाली ठेवायचे असे काही नसते.

हे ज्ञान आजचे नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाय दुमडून वाकून बसणाऱ्या शिंप्यांची दुखणी आहेत आणि 1713 च्या वाढवलेल्या आवृत्तीत लेखनिकांच्या हाताचा विकारही आहे. एकाच दिशेने हाताची अखंड हालचाल हे त्याने तेव्हाच कारण म्हणून नोंदवले होते. ब्रिटनने 1908 मध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला येणारा वळ भरपाईला पात्र ठरवला. अमेरिकेत बार्बरा सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 652 औद्योगिक कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या कामाचे एक आवर्तन 30 सेकंदांहून कमी असते किंवा ज्यात अर्ध्याहून अधिक वेळ तीच हालचाल होते, ते काम त्यांनी अतिपुनरावृत्तीचे धरले. अशा कामात बळही जास्त लागत असेल तर मनगटातली नस दबण्याची शक्यता, बळ आणि पुनरावृत्ती दोन्ही कमी असलेल्या कामाच्या तुलनेत, 15 पट आढळली. कपड्याच्या ओळीवरची बहुतेक कामे 30 सेकंदांच्या आसपास किंवा खालीच असतात. ओळ आखलीच जाते तशी.

घरकामाचे काय?

कारखान्याच्या दवाखान्यात, व्यवस्थापनाच्या बैठकीत आणि पुष्कळदा घरातही एक आक्षेप हमखास येतो. ही बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, कपडे पिळते, पाणी भरते, मग मनगट दुखले तर दोष मशीनचा कसा? आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण घरकामाचा भार खरा आहे आणि हातावर तो पडतोच. पण तो तपासून पाहता येतो. लॉरा पनेट आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये अमेरिकेतल्या कपडे कारखान्यांतल्या स्त्रियांची तुलना रुग्णालयात काम करणाऱ्या स्त्रियांशी केली. घर दोघींनाही होते. खांदा, मनगट आणि हाताचे टिकून राहणारे दुखणे कपडे शिवणाऱ्या स्त्रियांत स्पष्टपणे जास्त निघाले. डेन्मार्कमध्ये 303 शिलाई कामगार स्त्रियांचा सहा वर्षांनी पुन्हा मागोवा घेतला गेला. ज्यांनी मधल्या काळात मशीन सोडले होते त्यांचे मान-खांद्याचे दुखणे कमी झाले होते. त्यांचे घरकाम काही संपले नव्हते.

शिवाय घरकाम आणि कारखान्याचे काम यांच्या घडणीत फरक आहे. भाकरी थापताना मधे तवा पाहायचा असतो, चूल सारायची असते, हात धुवायचा असतो. हालचाली बदलत राहतात. ओळीवर हा बदलच काढून टाकलेला आहे. आणि घरकामाने हात आधीच थकलेला असेल तर कारखान्याची जबाबदारी कमी होत नाही. दमलेला हात आत येतो हे माहीत असूनच टार्गेट ठरवलेले असते. दोन भार एकमेकांत मिसळतात तेव्हा ज्या भाराचा दर बाहेरून कोणी ठरवतो, त्याच्याकडेच आधी पाहायला हवे.

खुर्ची बदलली तर

दुसरा आक्षेप अधिक सदिच्छेचा आहे. चांगल्या खुर्च्या द्या, टेबलाला थोडा उतार द्या, बसायचे कसे ते शिकवा, प्रश्न सुटेल. यात तथ्य आहे. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी पाठ नसलेली लाकडी बाकडी किंवा प्लॅस्टिकची स्टुले असतात, त्यावर घरून आणलेली उशी बांधलेली असते. लॉस एंजेलिसमध्ये 277 शिलाई कामगारांवर शिस्तशीर चाचणी झाली. त्यात उंची बदलता येणाऱ्या, पुढची कड गोलाईने उतरणाऱ्या खुर्च्या दिल्यावर चार महिन्यांत मान-खांद्याचे दुखणे खरोखर कमी झाले. म्हणून खुर्चीचा खर्च टाळणाऱ्याला कोणतीही सबब उरत नाही.

पण खुर्चीने अंगठ्यावरचे 6,000 दाब कमी होत नाहीत. ती शरीराची ठेवण सुधारते, हालचालींची संख्या तीच ठेवते. धागा आपोआप कापणाऱ्या मशीनचेही तसेच झाले. हाताचे एक काम वाचले, पण वाचलेले सेकंद सॅममधून वजा झाले आणि तासाचे नग वाढले. सुधारणेतून मिळालेला वेळ प्रत्येक वेळी उत्पादनाच्या खात्यात जमा होतो. कामे आळीपाळीने बदलून देण्याचा उपायही असाच फसतो. कॉलरवरून कफवर नेले तर मनगटाला फरक पडत नाही, कारण स्नायू तेच वापरले जातात. खऱ्या अर्थाने बदल करायचा तर शिलाईवरून मोजणी, गठ्ठे बांधणे, चेकिंग अशा वेगळ्या हालचालींकडे न्यावे लागते. पण ती कामे हेल्परच्या दर्जाची मानली जातात, आणि ऑपरेटरला तिथे आपली श्रेणी आणि पगार जाईल ही भीती असते. ज्या कारखान्यात अनेक कामे येणाऱ्या बाईला त्याबद्दल जास्त पगार मिळतो, तिथेच आळीपाळी टिकते.

सोलापूर: नगावर मजुरी

बंगळुरूच्या ओळीत टार्गेट सुपरवायझर लावतो. सोलापुरात ते बाई स्वतःच लावून घेते. सोलापूरची जुनी ओळख गिरण्यांची आणि चादरींची. आता तिथे तयार कपड्यांचा, विशेषतः शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे. शिलाईचे काम लहान कारखान्यांतून आणि घराघरांतून चालते आणि मजुरी नगावर मिळते. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून कामाचा रेटा नेमका एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याखालच्या उकाड्यात येतो. या शहरात विडी वळणाऱ्या बायकांची संख्याही मोठी आहे आणि ती मजुरीही हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. एका घरात सासू विड्या वळते आणि सून गणवेश शिवते, तेव्हा दोघींचीही बोटे चिमटीतल्या त्याच हालचालींवर कमाई करत असतात.

नगावर मजुरीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की इथे सक्ती कुठे आहे? दुखले तर थांबा, बरे वाटले की शिवा. बायकांनाही ही मोकळीक हवी असते. मूल शाळेतून आले की तासभर उठता येते, हे त्या मोलाचे मानतात आणि त्यात चूक काही नाही. पण दर इतका कमी असतो की थांबणे म्हणजे त्या दिवसाची भाजी कमी करणे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात शांताल ब्रिसाँ आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवले की नगावरच्या मजुरीत घालवलेली वर्षे आणि पुढे येणारे गंभीर अपंगत्व यांचा संबंध आहे. त्यांनी काम सोडून गेलेल्या बायकांकडेही लक्ष दिले, हे महत्त्वाचे. हंगाम संपल्यावर, जुलैत, हात दाखवायला जाणाऱ्या बाईला बहुधा बाम, गरम पट्टी आणि ‘जीवनसत्त्व कमी आहे’ एवढे मिळते. काय काम करता आणि दिवसाला किती नग होतात, हे विचारले जात नाही.

यादीत नसलेला आजार

इतके दुखणे असेल तर त्याच्या नोंदी कुठे आहेत, हा शेवटचा आणि सगळ्यात जोरकस आक्षेप. उत्तर कायद्याच्या मागच्या पानांवर आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात 29 आजारांची यादी होती. शिसे, पारा, आर्सेनिकची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा हे सारे त्यात होते. यातला आजार आढळला तर डॉक्टरने तो कारखाने निरीक्षकांना कळवलाच पाहिजे, असे बंधन होते. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजारही त्यात होता, आणि तो यावा यासाठी सूतगिरण्यांतल्या कामगारांच्या पिढ्या खोकल्या. पण त्याच कापसाचे कापड शिवणाऱ्या बाईच्या मनगटाला त्या यादीत जागा नव्हती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 च्या आपल्या यादीत मनगटातली नस दबणे, मनगटाच्या आणि अंगठ्याच्या कंडरांचा दाह, कोपराचा दाह हे सगळे नावानिशी घातले. आपण मात्र जुन्या यादीवरच राहिलो. जे कळवायचे बंधन नाही ते कोणी कळवत नाही, आणि जे कोणी कळवले नाही ते नाहीच असे पुढच्या बैठकीत सांगितले जाते.

याचा पैशात अर्थ काय होतो तेही पाहू. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपण असेल तर वेतनाच्या 70 टक्के भत्ता वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतो. तेच दुखणे कामातून झालेली इजा ठरले तर 90 टक्के, आणि तात्पुरती असमर्थता असेपर्यंत. मशीनमध्ये बोट सापडले तर दुसरी वाट मिळते, कारण तो एका क्षणाचा अपघात असतो. तीन वर्षांत बधिर झालेल्या बोटांना पहिली वाट मिळते, तीही नोकरी टिकली तर. 2016 च्या एप्रिलमध्ये बंगळुरूच्या हजारो कपडे कामगार बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नवा नियम आला होता. तो सरकारला मागे घ्यावा लागला. या मागणीमागे शरीराचाही हिशेब होता. ज्या कामात चाळिशीच्या आसपास हात सोडून देतात, तिथे 58 ची वाट कोण पाहील? काम सोडले की बाई कारखान्याच्या हजेरीतून जाते आणि तिचे दुखणेही जाते. ओळीवर उरतात त्या तरुण आणि अजून न दुखावलेल्या. त्यांच्याकडे पाहून धंदा निरोगी दिसतो.

भाव कोणी मोजायचा

कारखानदार म्हणतील, मिनिटे वाढवली तर ऑर्डर ढाक्याला जाईल. हा बागुलबुवा नाही. परदेशी खरेदीदार शर्टाचा भाव ठरवताना मिनिटांवरच घासाघीस करतो. सॅम 22 ऐवजी 20 धरा, असे त्या टेबलावर बोलले जाते आणि ती दोन मिनिटे पुढे ओळीवरच्या 40-50 हातांतून वसूल होतात. म्हणून सगळा दोष कारखान्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. पण त्याच कारखान्याला शिकलेले हात वर्षागणिक बदलावे लागतात, नवीन मुलीला हात बसेपर्यंत कमी उत्पादनावर पगार द्यावा लागतो, दुपारनंतर उसवून पुन्हा शिवायचे नग वाढतात. हा खर्च तो आजही भरतो, फक्त तो ‘गळती’ आणि ‘रीवर्क’ या नावांनी लिहिला जातो. दर तासाला पाच मिनिटे मशीन बंद ठेवून तेवढे नग टार्गेटमधून वजा करायचे ठरवले, तर नवा खर्च किती आणि वाचलेला किती हे कोणत्याही आयई विभागाला आठवड्यात काढता येईल. हालचाली मोजायची विद्या त्यांच्यापाशी आहेच. प्रत्येक कामापुढे सॅमच्या शेजारी दिवसातल्या हालचालींचा आकडा लिहायला लावणे, हे कायद्याने करण्यासारखे पहिले आणि स्वस्त काम आहे.

कायदा मात्र सध्या उलट्या दिशेला जातो आहे. कर्नाटकाने 2023 मध्ये कारखान्यांत 12 तासांच्या पाळीला वाट करून दिली, 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे एकूण तास सांभाळले जातील असे सांगितले जाते, पण कंडरेला आठवड्याची सरासरी कळत नाही. तिला त्या दिवशीचा दहावा, अकरावा तास कळतो. अमेरिकेत अशा इजांबाबतचा नियम नोव्हेंबर 2000 मध्ये निघाला आणि मार्च 2001 मध्ये तिथल्या संसदेने तो रद्दही केला. म्हणून एका मोठ्या कायद्याची वाट पाहण्यापेक्षा हाताशी असलेली छोटी वाट धरणे शहाणपणाचे. 1923 च्या भरपाई कायद्याने केंद्राबरोबर राज्य सरकारलाही व्यवसायजन्य आजारांच्या यादीत भर घालण्याचा अधिकार दिला होता. राजपत्रात तीन महिन्यांची सूचना द्यायची आणि अधिसूचना काढायची. महाराष्ट्राला त्यासाठी पुरावा हवा असेल तर तो जमवणे अवघड नाही. सोलापुरात गणवेशाच्या हंगामाआधी, मार्चमध्ये, शिलाई करणाऱ्या बायकांचे हात एकदा तपासावेत, त्या दिवसाला किती नग शिवतात ते विचारून लिहून घ्यावे आणि त्याच बायकांना जुलैमध्ये पुन्हा बोलवावे. त्या दिवसाची मजुरी त्यांना द्यावी, म्हणजे त्या येतील.